निर्व्यसनी उमेदवार पाहिजे: गैरसमज आणि वस्तुस्थिती

‘ड्रायव्हर पाहिजे, निर्व्यसनी असावा’ ही छोट्या जाहिरातींमधली ओळ इतकी सरावाची झाली आहे की तिच्यात काही वावगे आहे असे कुणाच्या मनातही येत नाही. मोठ्या कंपन्यांच्या जाहिरातींत अशी अट नसते. तिथे ती मुलाखतीत आडून येते. घरी कोण कोण असते, एकट्याच राहता का, वीकेंडला काय करता, व्हेज की नॉन-व्हेज? मग कुणीतरी उमेदवाराचे इन्स्टाग्राम चाळून पाहते. माणूस घरी कसा राहतो यावरून तो कामावर कसा वागेल ते कळते, ही या सगळ्यामागची समजूत. शितावरून भाताची परीक्षा करता येते हे खरे, पण ते शीत त्याच भांड्यातले असावे लागते. उमेदवाराची सवय कामाच्या भांड्यातली आहे का, हे न पाहताच आपण निकाल देऊन मोकळे होतो. ही समजूत खरी आहे का, हा एक प्रश्न; आणि खरी असली तरी तिच्या आधारे कुणाची नोकरी नाकारणे न्याय्य आहे का, हा दुसरा. दोन्ही प्रश्नांभोवती बरेच गैरसमज आहेत.

गैरसमज: सवयींवरून कामाचा अंदाज येतो

निवड पद्धतींवर शंभरेक वर्षे संशोधन चालू आहे. पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये या संशोधनाचा नव्याने आढावा घेतला. सर्व उमेदवारांना कामाशी निगडित तेच प्रश्न विचारून, ठरलेल्या निकषांवर गुण देणारी मुलाखत त्यात सर्वांत भरवशाची ठरली. मोकळ्या गप्पांच्या मुलाखतीची भाकीत करण्याची ताकद तिच्या निम्म्याहूनही कमी निघाली. राहणीमानाचे प्रश्न नेमके या मोकळ्या गप्पांतच डोकावतात. अमेरिकेत भरती अधिकाऱ्यांना विद्यार्थ्यांची फेसबुक प्रोफाइल दाखवून गुण द्यायला लावले आणि पुढे त्याच विद्यार्थ्यांचे नोकरीतले काम तपासले, असा एक अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. अधिकाऱ्यांनी दिलेले गुण आणि वरिष्ठांनी नंतर केलेले मूल्यमापन यांचा मेळ बसला नाही. त्या गुणांत गोऱ्या आणि महिला उमेदवारांकडे कल मात्र दिसला.

यावर एक रास्त आक्षेप येतो: धूम्रपानाचे काय? त्याचा परिणाम तर मोजलेला आहे. होय, मोजलेला आहे. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संकलित विश्लेषणानुसार धूम्रपान करणारे कर्मचारी न करणाऱ्यांपेक्षा वर्षाला सरासरी पावणेतीन दिवस जास्त गैरहजर राहतात. हा पुरावा झटकून टाकण्यासारखा नाही. पण सरासरी गटाची असते आणि नोकरी एका माणसाला मिळते किंवा नाकारली जाते. लहान मुले असलेले, लांबून लोकल बदलत येणारे, जुनाट दुखणे असलेले, अशा कितीतरी गटांची सरासरी गैरहजेरी जास्त निघू शकेल. त्यांना सरसकट नाकारणे आपल्याला पटत नाही. हजेरीची काळजी असेल तर उमेदवाराची आधीच्या नोकरीतली हजेरी पाहता येते, प्रोबेशनच्या काळात तपासता येते. थेट मोजता येणारी गोष्ट सोडून तिची सावली मोजत बसण्याला कारण उरत नाही.

गैरसमज: सवयी विचारल्या म्हणजे जात-धर्म विचारला असे होत नाही

सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी इंग्रजी वृत्तपत्रांतल्या खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे, फक्त आडनावे वेगळी असलेले हजारो अर्ज पाठवले. ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त २००७ साली आलेले त्यांचे निष्कर्ष सांगतात की उच्चवर्णीय हिंदू नावांच्या तुलनेत दलित नावांना पुढच्या फेरीचे बोलावणे येण्याचा संभव सुमारे दोन-तृतीयांश होता आणि मुस्लिम नावांना सुमारे एक-तृतीयांश. त्याच सुमारास सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी दिल्ली परिसरातल्या मोठ्या कंपन्यांच्या मनुष्यबळ अधिकाऱ्यांशी बोलून केलेला अभ्यासही तिथे आला. हे अधिकारी एका दमात ‘आम्ही फक्त गुणवत्ता पाहतो’ म्हणत आणि दुसऱ्या दमात उमेदवाराची कौटुंबिक पार्श्वभूमी महत्त्वाची मानत. जात न विचारता जातीपर्यंत पोहोचण्याची वाट ती हीच.

‘व्हेज की नॉन-व्हेज’ हा प्रश्न याच वाटेवरचा आहे. नमुना नोंदणी सर्वेक्षणाच्या २०१४ च्या आकडेवारीनुसार देशातले सुमारे ७१ टक्के लोक मांसाहारी आहेत. हिशेबनीस किंवा प्रोग्रॅमर निवडताना या उत्तराचा कामासाठी काडीचा उपयोग नाही. त्यातून अंदाज बांधला जातो तो कुळाचा. कार्यालयाच्या कँटीनमध्ये काय शिजावे याचा नियम करणे वेगळे आणि घरी काय शिजते यावरून माणूस निवडणे वेगळे.

व्यसनांच्या बाबतीत वर्ग आणि लिंग आड येतात. जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणाच्या २०१६-१७ च्या फेरीत भारतातले २८.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरतात असे आढळले, आणि त्यांतले बहुतेक धूररहित तंबाखू. म्हणजे तळहातावर चुना लावून मळलेली चिमूट किंवा दातांना लावलेली मिशेरी. ही सवय कष्टकऱ्याच्या बोटांवर आणि दातांवर उघड दिसते. साहेबाचा क्लबातला पेग मात्र ‘नेटवर्किंग’मध्ये जमा होतो आणि शिपायाची क्वार्टर ‘व्यसन’ ठरते. हातात बिअरचा ग्लास असलेला फोटो मुलाचा असला तर ‘मौजमजा’, मुलीचा असला तर ‘वळण’ निघते. नियम सवयीला लावलेला नसून सवय कुणाची आहे त्याला लावलेला असतो.

गैरसमज: जोखमीच्या कामात तरी खासगी आयुष्य पाहावेच लागते

सर्वांत वजनदार आक्षेप हा आहे. शेकडो प्रवासी ज्याच्या हाती, तो पितो का हे विचारू नये? उत्तर या क्षेत्रांनीच देऊन ठेवले आहे. वैमानिकाने उड्डाणाआधीच्या १२ तासांत मद्य घेता कामा नये असा नियम आहे आणि उड्डाणापूर्वी श्वासचाचणी होते. रेल्वेचा लोको पायलट क्रू लॉबीत साइन-ऑन करतो तेव्हा यंत्रात फुंकर मारतो आणि मगच इंजिनाकडे जातो. मोटार वाहन कायद्याचे कलम १८५ चालकाच्या १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल आहे का ते पाहते. गेल्या महिन्यात लग्नात किती प्यायला, हे यांतल्या कुणीही विचारत नाही. केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या १९६४ च्या वर्तणूक नियमांमधला २२ वा नियमही कर्तव्यावर असताना अंमल नको, सार्वजनिक ठिकाणी मद्यपान नको, अतिरेक नको असे सांगतो. घरातल्या मोजक्या पिण्यावर तो सरसकट बंदी घालत नाही. जोखीम जितकी मोठी, तितकी प्रत्यक्ष चाचणी काटेकोर. आणि चाचणी काटेकोर असली की चारित्र्याचा अंदाज बांधण्याची गरज उरत नाही. मुलाखतीत ‘मी थेंबही घेत नाही’ म्हणणारा चालक उद्या पिऊन येणार नाही याची हमी त्या वाक्यात नसते. ती रोजच्या चाचणीत असते. उलट, असा प्रश्न खरे बोलणाऱ्याला बाहेर काढतो आणि सराईतपणे खोटे बोलणाऱ्याला आत घेतो.

गैरसमज: पगार मी देतो, तेव्हा मी काहीही विचारू शकतो

खासगी मालकाला कायद्याने बरीच मोकळीक आहे, हे मान्य करायला हवे. संविधानाच्या अनुच्छेद १६ मधली समान संधीची हमी सरकारी नोकरीपुरती आहे. तरीही ही मोकळीक सरसकट नाही. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने नोकरीसाठी एचआयव्ही चाचणीची अट घालायला मनाई केली आणि २०१९ च्या कायद्याने तृतीयपंथी व्यक्तींना भरतीत डावलायला. एलआयसीच्या नोकरीच्या घोषणापत्रात महिलांना मासिक पाळी, गर्भधारणा, गर्भपात यांची माहिती भरावी लागे. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते रकाने लाजिरवाणे ठरवून काढून टाकायला सांगितले. कायद्याचा प्रवास कोणत्या दिशेने चालला आहे, हे यातून दिसते.

पण कायदा मनाई करत नाही म्हणून एखादी गोष्ट योग्य ठरत नाही. ‘उत्तर द्यायचे नसेल तर देऊ नका’ असे म्हणणे सोपे असते. मात्र गप्प बसलेल्या उमेदवाराकडे संशयाने पाहिले जाते हे दोन्ही बाजूंना ठाऊक असते. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात. खरे तर त्याच्यापुढे पर्याय नसतो. अशा माणसाच्या संमतीला मोकळी संमती म्हणता येत नाही.

गैरसमज: हे उमेदवाराच्याच भल्यासाठी आहे

भल्याचा हा प्रयोग हेन्री फोर्डने मोठ्या प्रमाणावर करून पाहिला. जानेवारी १९१४ मध्ये त्याने दिवसाला पाच डॉलर जाहीर केले. चालू मजुरीच्या जवळजवळ दुप्पट. मात्र त्यातला मोठा हिस्सा ‘योग्य’ राहणीची अट पाळणाऱ्यालाच मिळे. कंपनीच्या सोशियोलॉजिकल विभागाचे तपासनीस कामगाराच्या घरी जात, बचतीचे पुस्तक पाहत, घर स्वच्छ आहे का, पोटभाडेकरू ठेवले आहेत का, दारू किती चालते याची चौकशी करत. काही वर्षांत हा विभाग गुंडाळला गेला. पुढे १९२२ च्या आत्मकथनात खुद्द फोर्डनेच कामगारांच्या खासगी आयुष्यात डोकावणारे कल्याणकार्य कालबाह्य झाल्याचे मान्य केले.

नोकरी नाकारून कुणाची सवय सुटते, या समजुतीलाही फारसा आधार नाही. सॅन फ्रान्सिस्को परिसरातल्या बेरोजगारांवरचा २०१६ चा एक अभ्यास सांगतो की वर्षभरात धूम्रपान न करणाऱ्यांपैकी ५६ टक्क्यांना नोकरी मिळाली, करणाऱ्यांपैकी २७ टक्क्यांना. वय, शिक्षण असे फरक जमेस धरूनही तफावत उरलीच. ज्याला स्थिर पगाराची आणि उपचाराची सर्वाधिक गरज, तोच रांगेत मागे राहतो.

शेवटचा आक्षेप: जागतिक आरोग्य संघटनेनेच २००५ च्या डिसेंबरपासून धूम्रपान करणाऱ्यांची भरती थांबवली, मग इतरांनी का थांबवू नये? तंबाखू नियंत्रण हे या संघटनेच्या कामांपैकीच एक आहे, तिची अट जाहीर आहे आणि कारणासह सांगितलेली आहे. तिच्या वाहनचालकाला किंवा लेखापालालाही ती लागू करावी का, यावर वाद घालता येतो. आणि वाद घालता येतो तो अट उघड आहे म्हणूनच. इतर मालकांनी तिचे अनुकरण करायचे तर याच गोष्टीचे करावे. अट कारणासह जाहिरातीत छापावी, पहारेकऱ्यापासून संचालकापर्यंत सर्वांना सारखी लावावी आणि तिचे पालन कामाच्या वेळेत तपासावे. जी अट अशी छापायला संकोच वाटतो, ती मुलाखतीतही विचारू नये. सवयीचा कामाशी संबंध आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी प्रश्न विचारणाऱ्याची आहे. आपण सज्जन आहोत हे सिद्ध करण्याची जबाबदारी उमेदवारावर टाकता येत नाही.