चौदा आकड्यांचा पत्ता

१९९३ साली, इंटरनेट हा शब्दही बहुतेक घरांत पोचला नव्हता तेव्हा, कॅलिफोर्नियातल्या सांताक्रूझच्या विद्यापीठातले रॉब लॉर्ड आणि जेफ पॅटरसन आणि त्यांचा सहकारी जॉन लुइनी यांनी एक सोय केली. ज्या बँडना कोणतीही रेकॉर्ड कंपनी दारात उभं करत नव्हती, त्यांची गाणी इंटरनेटवर ठेवायची. ‘इंटरनेट अंडरग्राउंड म्युझिक आर्काइव्ह’, थोडक्यात आययूमा, असं तिचं नाव. पुढे ती वेबवर आली आणि प्रत्येक बँडला स्वतःचं पान मिळालं: फोटो, चार ओळींची ओळख, गाण्याची फाइल. २००० साली बाळाचं नाव ‘आययूमा’ ठेवणाऱ्या आईबापांना या कंपनीने पाच हजार डॉलर देऊ केले होते, इतका तिला स्वतःच्या भविष्याचा भरवसा होता. त्यानंतर डॉटकॉमचा फुगा फुटला, मालक बदलत गेले आणि २००६ साली आययूमा बंद पडली. तिच्या गाण्यांची एक प्रत डिजिटल हक्कांसाठी लढणाऱ्या इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनचे एक संस्थापक जॉन गिलमोर यांच्याकडे होती. २०१२ साली जुनं डिजिटल साहित्य जपणारे जेसन स्कॉट यांनी त्यातून पंचवीस हजारांहून अधिक कलावंतांची सुमारे सहा लाख ऐंशी हजार गाणी पुन्हा सर्वांसाठी खुली केली. एवढा मोठा ठेवा वाचला तो कोणत्या कायद्यामुळे नाही, संस्थेच्या धोरणामुळेही नाही. एका माणसाने प्रत करून ठेवली होती, म्हणून.

ज्यांच्या वाट्याला असा माणूस आला नाही, त्यांचं काय झालं हेही नोंदलेलं आहे. एमपी३.कॉम या साइटवर सुमारे दहा लाख गाणी होती. २००३ च्या अखेरीस तिचं नाव दुसऱ्या कंपनीला विकलं गेलं आणि गाणी पुसली गेली. मायस्पेसने मार्च २०१९ मध्ये मान्य केलं की सर्व्हर बदलताना तीन वर्षांहून जुनी गाणी, फोटो, व्हिडिओ हातचे गेले. गेलेल्या गाण्यांचा आकडा पाच कोटी असावा, असा अंदाज तेव्हा सगळीकडे छापून आला. त्यातली साधारण चार लाख नव्वद हजार गाणी काही अभ्यासकांनी स्वतःच्या संशोधनासाठी आधीच उतरवून घेतली होती, तेवढीच परत मिळाली. या गायक-वादकांपैकी कित्येकांनी तेव्हाच बँड मोडून नोकऱ्या धरल्या होत्या. आपलं गाणं गेलं म्हणून भांडायला त्यांच्या बाजूने कोणीच नव्हतं.

बंद पडलेल्या बँडची किंवा कंपनीची वेबसाइट ही भाड्याच्या घरासारखी असते, आणि माझ्या मते सगळ्या प्रश्नाची मेख इथेच आहे. पुस्तक छापलं की ते प्रकाशकावर अवलंबून राहत नाही. प्रकाशनसंस्था बुडाली तरी शंभर प्रती शंभर कपाटांत राहतात, आणि कोणी काहीच केलं नाही तरी त्यातल्या दहा टिकतात. वेबसाइटची मूळ प्रत एकच, एका सर्व्हरवर. तिथे पोचायचं नावही दरवर्षी पैसे भरून आपल्याकडे ठेवावं लागतं. पैसे थांबले की घर रिकामं होतं. म्हणजे वेबवरची गोष्ट दुर्लक्षाने टिकत नाही, दुर्लक्षानेच मरते. प्यू रिसर्च सेंटरने २०२४ साली दाखवून दिलं की २०१३ मध्ये असलेल्या पानांपैकी ३८ टक्के पानं दहा वर्षांत उघडेनाशी झाली होती. छापील मजकुरासाठी आपल्याकडे १९५४ चा कायदा आहे. प्रत्येक पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, चेन्नई, दिल्ली इथल्या ठरलेल्या ग्रंथालयांना द्यावी लागते. त्या कायद्यात पुस्तकं आहेत, वर्तमानपत्रं आहेत, वेबसाइट नाही. ब्रिटनने एप्रिल २०१३ पासून आपल्या देशातल्या वेबसाइट कायद्याने जतन करायला सुरुवात केली. आपल्याकडे हे काम, जे काही होतं ते, सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका खासगी धर्मादाय संस्थेच्या जिवावर चाललं आहे.

ती संस्था म्हणजे इंटरनेट आर्काइव्ह. ब्रूस्टर काल यांनी १९९६ मध्ये ती सुरू केली आणि तिचं ‘वेबॅक मशीन’ २००१ मध्ये सर्वांना खुलं झालं. फन्स्टन ॲव्हेन्यूवरच्या जुन्या चर्चच्या इमारतीत तिचं कार्यालय आहे. प्रार्थनेच्या सभागृहात भिंतीतल्या कोनाड्यांत सर्व्हर उभे आहेत आणि बाकांच्या कडेने संस्थेत काही वर्षं काम केलेल्या माणसांच्या मातीच्या छोट्या प्रतिमा मांडल्या आहेत. ऑक्टोबर २०२५ मध्ये तिथल्या जतन केलेल्या पानांची संख्या एक लाख कोटींवर गेली. पण मला त्या आकड्यापेक्षा लहान अशा दुसऱ्याच गोष्टीचं मोल वाटतं. वेबॅक मशीनमधल्या प्रत्येक पानाच्या पत्त्यात चौदा आकडे असतात: चार वर्षाचे, दोन महिन्याचे, दोन दिवसाचे, मग तास, मिनिट, सेकंद. वेबच्या नेहमीच्या पत्त्यात ‘कुठे’ असतं, ‘कधी’ नसतं. या चौदा आकड्यांनी ‘कधी’ त्यात आणून बसवलं. साधीच युक्ती, पण तिच्यामुळे एकाच बँडचं पान पहिल्या कॅसेटच्या वेळी कसं होतं आणि ढोलकवाला सोडून गेल्यावर कसं झालं, हे शेजारी ठेवून पाहता येतं.

या यंत्राचा एक हट्टी दोषही या चौदा आकड्यांतूनच येतो. पान हे एका फाइलचं नसतं. मजकूर वेगळा, प्रत्येक चित्र वेगळं, मांडणीची फाइल वेगळी, आणि संगणक हे सगळं वेगवेगळ्या वेळी गोळा करतो. आपण एक तारीख मागितली की यंत्र मजकूर त्या तारखेचा देतं आणि चित्रं त्या तारखेच्या जवळात जवळ जी सापडतील ती. अमेरिकेतल्या ओल्ड डोमिनियन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये याचा हिशोब मांडला. जतन केलेल्या पाच पानांपैकी एकच पान आज जसं दिसतं तसं प्रत्यक्षात कधी तरी होतं. त्यांच्या एका उदाहरणात हवामानाच्या पानावरचा मजकूर पावसाचा आहे आणि शेजारचं रडारचं चित्र निरभ्र, कारण ते नऊ महिन्यांनंतरचं. मग अशा संग्रहावर विश्वास का ठेवायचा? आक्षेप खरा आहे, पण त्याचं उत्तरही त्याच पत्त्यात आहे. प्रत्येक तुकड्यावर त्याची स्वतःची वेळ लिहिलेली असते, म्हणून ही चूक पकडता आली. ज्या साधनातली चूक त्याच साधनाने दाखवता येते, त्याला मी पुरावा मानते. अमेरिकी न्यायालयांतही ही पानं संस्थेच्या प्रतिज्ञापत्रासह सादर होतात.

दुसरा आक्षेप जास्त ऐकू येतो: हा कचरा कोणाला हवा? बुडालेल्या कंपनीची जाहिरातबाजी आणि विस्मरणात गेलेल्या पोरांची गाणी. थेरानोस या रक्ततपासणीच्या कंपनीकडे पाहावं. बोटातून काढलेल्या थोड्याशा रक्तावर तपासण्या होतात, असा तिचा दावा. २०१५ साली वॉल स्ट्रीट जर्नलने तिचं बिंग फोडलं, तेव्हा कंपनीने आपल्या साइटवरचा काही थेंबांत तपासणी होण्याचा मजकूर नुकताच काढून टाकला होता, हेही त्याच वृत्तात होतं. २०१८ मध्ये कंपनी बंद झाली. तिने लोकांना नेमकं काय सांगितलं होतं, हे तिची साइट आता सांगणार नाही, जुन्या तारखांची पानंच सांगतील. बँडच्या बाबतीत प्रश्न फसवणुकीचा नसतो, पण गरज तीच. कोणत्या गावात कोणत्या हॉलमध्ये किती रुपयांच्या किंवा डॉलरच्या तिकिटावर लोक गाणं ऐकत होते, हे मोठ्या गायकांच्या चरित्रांत सापडत नाही, लहान बँडच्या कार्यक्रमांच्या यादीत सापडतं. इतिहासकार जुन्या वह्यांमधले किराणा मालाचे हिशोब वाचतात, ते याचसाठी.

तिसरा आक्षेप मालकीचा. आपली साइट जपली जाऊ नये, असं एखाद्याला वाटलं तर? जिवंत माणसाने तसं सांगितलं तर ते ऐकलंच पाहिजे, आणि आर्काइव्ह अशा विनंत्या घेतं. पण वर्षानुवर्षं गोष्ट वेगळीच घडत होती. बुडालेल्या कंपनीच्या नावाचं भाडं संपायचं, दलाल ते नाव विकत घ्यायचा आणि तिथे शोधयंत्रांना मज्जाव करणारी दोन ओळींची फाइल टाकायचा. आर्काइव्ह ती फाइल पाळायचं, आणि नव्या मालकाच्या मनाईमुळे जुन्या मालकाची दहा वर्षांची पानं झाकली जायची. एप्रिल २०१७ मध्ये संस्थेने सांगितलं की ही फाइल शोधयंत्रांसाठी आहे, जतनाला ती लागू पडत नाही. निर्णय योग्य होता, यायला उशीर झाला.

यापुढच्या अडचणी मात्र युक्तिवादाने सुटणाऱ्या नाहीत. २००० च्या दशकात बँडच्या कित्येक साइट फ्लॅश नावाच्या प्रणालीत बनत. अख्खी साइट एका बंद डब्यात, मेनूसुद्धा आतच. पानं गोळा करणाऱ्या संगणकाला आतल्या वाटा दिसत नसत, त्यामुळे कित्येकदा डबा वाचला आणि आतलं सामान राहिलं. फ्लॅशच ३१ डिसेंबर २०२० ला बंद झालं. रफल नावाच्या मुक्त प्रणालीमुळे त्यातलं थोडंफार आज पुन्हा चालतं.

मराठी साइटचं दुखणं याहून खोल आहे. युनिकोड रुळण्याआधी मराठी साइटचे फॉन्ट वेगवेगळे असत, आणि त्यांत रोमन अक्षरांच्या जागी काना, मात्रा, अर्धी अक्षरं बसवलेली असत. फॉन्ट असला तर मराठी, नसला तर इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची भेळ. फॉन्टची फाइल वेगळी उतरवून घ्यावी लागे. आर्काइव्हमध्ये पान असेल, चौदा आकडे बरोबर असतील, पण ती फाइल जपली गेली नसेल तर समोर मराठीचं एक अक्षर येत नाही. देवनागरीत शोधलं तर ते पान सापडतही नाही. याहून वाईट म्हणजे, सगळा भार एकाच संस्थेवर आहे. प्रकाशकांनी पुस्तकांवरून भरलेल्या खटल्यात ती सप्टेंबर २०२४ मध्ये अपिलातही हरली. पुढच्याच महिन्यात तिच्यावर हल्ला होऊन तीन कोटींहून अधिक खात्यांची माहिती चोरीला गेल्याचं उघड झालं आणि वेबॅक मशीन काही दिवस बंद राहिलं. ऑगस्ट २०१७ मध्ये चित्रपटांच्या चोरट्या प्रतींविरुद्ध मद्रास उच्च न्यायालयाने दिलेल्या आदेशात हजारो साइटच्या यादीत या आर्काइव्हचंही नाव होतं, आणि त्याची साइट भारतात काही काळ उघडेनाशी झाली.

बंद पडलेला ऑर्केस्ट्रा, नाटकमंडळी, कारखाना, परदेशातलं एखादं जुनं महाराष्ट्र मंडळ, यांपैकी कोणाच्याही वेबसाइटची किल्ली ज्यांच्या हाती असेल त्यांना एवढंच सांगणं आहे: डोमेनचे पैसे थांबवण्याआधी प्रत्येक पानाचा पत्ता वेबॅक मशीनच्या ‘सेव्ह पेज नाऊ’मध्ये टाका, गाण्यांच्या आणि फोटोंच्या मूळ फाइल दोन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा, आणि साइट जुन्या फॉन्टमध्ये असेल तर तो फॉन्ट त्यांच्याबरोबरच ठेवा.