पानाच्या टोकाने चढणारी कळलावी

वरंध घाट उतरून शिवथरकडे वळलं की श्रावणात कुंपणांवर, करवंदीच्या जाळ्यांवर लाल-पिवळ्या ज्वाळा दिसू लागतात. ही कळलावी. नजर फुलावरच खिळते, पण खरी नवलाई पानात आहे.

कारल्याच्या वेलीला चढण्यासाठी वेगळे तणावे फुटतात. करांदा आपलं खोडच आधाराभोवती पिळत नेतो. कळलावीचं पान मात्र बिनदेठाचं, भाल्यासारखं लांबट, समांतर शिरांचं. आणि त्याचं टोक निमुळतं होत होत शेवटी स्वतःच तणावा बनतं. काडी लागली की तिला वळसा घालतं. अन्न बनवणं आणि वेल वर चढवणं, दोन्ही कामं एकाच पानाकडे! वनस्पतीसृष्टीत अशी सोय मोजक्याच ठिकाणी आढळते.

फूलही चक्रावणारं. ते खाली मान घालून उमलतं, पण नागमोडी कडांच्या सहाही पाकळ्या उलट्या वर वळतात. सहा पुंकेसर चाकाच्या आऱ्यांसारखे पसरतात आणि स्त्रीकेसराची दांडी तळाशीच काटकोनात वळून बाजूला निघते. रंग आधी हिरवट, मग पिवळा, शेवटी लालभडक. कोकणात या फुलांना ‘गौरीचे हात’ म्हणतात. भाद्रपदात गौर सजते ती यांनीच.

आणि ही सगळी वेल विषारी आहे. कंद आणि बिया तर फारच. विषाचं नाव कोल्चिसिन. पेशीची वाटणी होताना गुणसूत्रांना दोन बाजूंना ओढून नेणारे प्रथिनांचे सूक्ष्म तंतू तयार होतात. कोल्चिसिन ते तंतू जुळूच देत नाही. म्हणून जिथे पेशी सतत नव्याने बनतात तिथे घाला पडतो: आतड्याचं अस्तर, अस्थिमज्जा, केसांची मुळं. आधी उलट्या-जुलाब, काही दिवसांनी रक्तपेशींची घसरण, वाचलेल्यांचे केस गळणं. सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे पहिले काही तास बहुधा काहीच होत नाही.

गंमत अशी की याच खोडीचा माणसाने उपयोग करून घेतला. 1937 साली अमेरिकेत वनस्पतिशास्त्रज्ञ ब्लेकस्ली यांनी कोल्चिसिनने वनस्पतींची गुणसूत्रं दुप्पट करून दाखवली. बिनबियांची कलिंगडं त्याच वाटेने आली. गाऊटवरच्या गोळीतही हेच द्रव्य, अगदी मोजक्या मात्रेत, असतं. तमिळनाडूत बियांसाठी कळलावीची शेती होते, आणि कळलावीचं फूल त्या राज्याचं राज्यफूलही आहे.

शिवथरच्या रानात धोक्याचा काळ मात्र फुलांचा नव्हे. पाऊस सरला की वेल वाळून नाहीशी होते आणि कंद जमिनीत उरतो. करांदे, कणगर हे खाण्याचे कंद खणायचा हंगामही नेमका तेव्हाच. भारतात आणि श्रीलंकेत कळलावीचा कंद खाण्याचा समजून शिजवल्याने माणसं दगावली आहेत. हा कंद बहुधा इंग्रजी ‘व्ही’सारखा दुबेळका असतो आणि प्रत्येक फाट्याच्या टोकाला कोंब. पण तुटलेल्या तुकड्यावरून काय कळणार? त्यापेक्षा वेल हिरवी असतानाच जागा हेरून ठेवावी. करांद्याचं पान हृदयाच्या आकाराचं, लांब देठाचं. तिथे चुकायला वाव नाही. आणि पोटात गेलाच असेल, तर उलटीची वाट न पाहता उरलेला कंद सोबत घेऊन दवाखाना गाठावा.