सोलापूरची साखळी, तांड्याची हापशी

पोहरादेवीची रामनवमीची यात्रा चैत्रात येते, म्हणजे नेमकी पाणी खाली गेलेल्या दिवसांत. वाशिम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यातलं हे गाव बंजारा समाजाची काशी मानलं जातं. संत सेवालाल महाराजांची समाधी आणि जगदंबेचं मंदिर यांच्या दर्शनाला महाराष्ट्रातून, तेलंगणातून, कर्नाटकातून लाखो माणसं येतात. ऑक्टोबर 2024 मध्ये इथल्या बंजारा विरासत संग्रहालयाचं उद्घाटन पंतप्रधानांच्या हस्ते झालं, तेव्हा गावाचं नाव देशभर गेलं. रस्ते रुंद झाले, इमारती उभ्या राहिल्या. पण चैत्रातलं पाणी अजूनही जमिनीखालच्या काळ्या पाषाणाच्या मर्जीवर आहे.

हा पाषाण म्हणजे दख्खनचा बेसाल्ट. वर काळी माती, तिच्याखाली मुरूम, त्याखाली घट्ट खडक. पाणी या खडकाच्या अंगात मुरत नाही. ते भेगांमध्ये, झिजलेल्या थरात आणि लाव्हाच्या दोन थरांच्या सांध्यात सापडतं. म्हणून एका वावरात दोनशे फुटांवर झरा लागतो आणि बांधापलीकडे त्याच खोलीला नुसती पांढरी धूळ उडते. उघडी विहीर मुरमातलं पाणी धरते आणि माघ-फाल्गुनात तळ दाखवते. त्यानंतरच्या तीन-चार महिन्यांसाठी आधार उरतो विंधन विहिरीचा, आणि तिच्यावर उभ्या असलेल्या त्या लोखंडी हापशीचा, जिला वऱ्हाडात बरेच जण नुसतं 'बोरिंग' म्हणतात.

ही हापशी मला आपल्या ग्रामीण महाराष्ट्रातलं सर्वांत मोठं यंत्र वाटतं. ट्रॅक्टरपेक्षा आणि पिठाच्या गिरणीपेक्षाही मोठं. तिच्याबद्दल आपण फार कमी बोलतो. तिचं बरंचसं मूळ आपल्याच मातीत आहे, हेही फार थोड्यांना माहीत असतं.

1966-67 च्या दुष्काळात बिहार आणि उत्तर प्रदेश होरपळले, तेव्हा युनिसेफनं हवेच्या दाबावर चालणारी बोअरची यंत्रं भारतात आणली. कठीण खडकाला भोक पाडायला पूर्वी आठवडे लागत, ते काम दिवसावर आलं. पाठोपाठ महाराष्ट्रात 1972 चा दुष्काळ आला आणि गावोगाव बोअर पडू लागले. बोअरवर बसवायला हाताशी होते बिडाचे पंप. ते मुळात युरोप-अमेरिकेतल्या एका घरासाठी, दिवसाला चार-सहा बादल्या पाणी काढण्यासाठी केलेल्या पंपांच्या नकला होत्या. आपल्याकडे त्यांच्यावर अख्खं गाव तुटून पडायचं, पहाटेपासून रात्रीपर्यंत. दांड्याच्या खिळी झिजायच्या, बीड तडकायचं. 1970च्या दशकाच्या मध्याला पाहणी झाली तेव्हा बसवलेल्या पंपांपैकी सुमारे तीन चतुर्थांश बंद असल्याचं दिसलं. इतका पैसा, इतकी यंत्रं, इतके खोल बोअर, आणि गावातली बाई पुन्हा घागर घेऊन नाल्यातल्या झिऱ्यावर.

यावरचं उत्तर मराठी मुलखात आधीच घडू लागलं होतं. जालन्यात चर्च ऑफ स्कॉटलंडच्या मिशनचं पाण्याचं काम चालू होतं. तिथल्या लोकांनी 1960च्या दशकात बीड सोडून पोलादाचा पंप केला. पुढे सोलापुरात, सोलापूर वेल सर्व्हिसच्या कामातून, त्याहून भक्कम पंप तयार झाला. या पंपांनी दांड्याच्या चार-पाच सांध्यांच्या जागी एकच आस ठेवला. सोलापूरच्या पंपात त्या आसाला बंदिस्त बॉल बेअरिंग होते. दांड्याच्या पुढच्या टोकाला कमानीसारखा वळणदार तुकडा, आणि त्यावरून खाली सोडलेली साखळी. दांडा वर्तुळात फिरला तरी साखळी कमानीवर बसत-उठत जाते आणि खालचा रॉड सरळ उभाच ओढला जातो. रॉड तिरका झाला नाही की झीज होत नाही. विचार एवढा साधा आहे की तो आधी कुणाला कसा सुचला नाही असं वाटतं. मला मात्र त्यात रोज तुटके पंप उघडून पाहणाऱ्या माणसाचा हात दिसतो. कागदावर चित्र काढणाऱ्याला खीळ कुठे झिजते ते दिसत नाही.

युनिसेफनं आणि सरकारनं हाच सोलापूरचा पंप पाया म्हणून घेतला. मद्रासच्या यांत्रिकी संशोधन संस्थेनं त्यावर काम केलं, रिचर्डसन अँड क्रुडास या कंपनीनं 1977 च्या सुमाराला तो बनवायला घेतला, आणि त्याला नाव मिळालं इंडिया मार्क टू. पेटंट कुणीच घेतलं नाही. कुणीही बनवावा, पण मापं आयएस 9301 या भारतीय मानकातलीच असावीत, एवढी अट. त्यामुळे एका कारखान्याचं बेअरिंग दुसऱ्या कारखान्याच्या पंपात बसतं. हा पंप पुढे आफ्रिकेत गेला. युगांडात त्याचंच रूप 'यू टू' या नावानं चालतं. जगात सर्वाधिक वापरल्या गेलेल्या हातपंपांत त्याची गणना होते.

आता त्याच्या पोटात शिरू. वर दिसतं ते डोकं, त्याखाली पाण्याची छोटी टाकी, आणि काँक्रीटच्या ओट्यात रोवलेला तीन पायांचा स्टँड. हा स्टँड बोअरच्या केसिंगला वरून झाकतो, त्यामुळे ओट्यावरचं घाण पाणी परत बोअरमध्ये उतरत नाही. खाली तीन-तीन मीटरचे जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी पाइप एकाला एक आट्यांनी जोडलेले असतात आणि त्यांच्या आतून बारा मिलिमीटरचा रॉड जातो. सगळ्यात तळाशी पितळी अस्तराचं सिलिंडर असतं. त्याचा आतला व्यास साडेत्रेसष्ट मिलिमीटर, आणि दट्ट्या एका वेळी सव्वाशे मिलिमीटर उचलला जातो. गणित केलं तर एका हापश्याला चारशे मिलिलीटरच्या आत-बाहेर पाणी येतं. चाळीस हापश्यांना साधारण पंधरा लिटर, म्हणजे एक मोठी बादली. हे चाळीस लक्षात ठेवावं. कारण कोणतंही मीटर नसलेल्या या यंत्राची तब्येत कळण्याची तीच एक सोपी रीत आहे.

जाणता मिस्त्री पंप उघडण्याआधी दांडा हातात घेतो. दांडा एकदम हलका लागला आणि पाणी येत नसेल, तर खाली कुठेतरी रॉड सुटला किंवा तुटला. दांडा जड आहे, पण पाणी यायला वीस-तीस हापसे लागतात, नंतर मात्र धार नीट पडते, तर तळाचा फुटव्हॉल्व्ह पाणी धरत नाही, किंवा एखादा पाइप गळतोय आणि रात्रीतून स्तंभ रिकामा होतो. पाणी लगेच येतं पण धार बारीक, तर दट्ट्यावरचे वॉशर झिजले. दांडा डावी-उजवीकडे डुलतो, तर बेअरिंग गेलं. खाली दाबलेला दांडा झटक्यानं परत येत नाही, साखळी सैल पडून कमानीवर दुमडते, तर नवा चामडी वॉशर फुगून सिलिंडरमध्ये अडकतोय. पहाटेचं पहिलं पाणी तांबूस असेल, तर पाइप आतून गंजत चाललेत. आणि सगळं ठीक असून दुपारनंतर नुसती हवा येत असेल, तर पंपाचा दोष नाही, पाणी सिलिंडरच्या खाली उतरलंय. तेव्हा बोअरमध्ये खोली शिल्लक असेल तर एक-दोन पाइप वाढवायचे, नसेल तर पावसाची वाट. हे सगळं पाना न लावता कळतं. हे ज्ञान पुस्तकात आहे, पण हातात यायला वर्षं लागतात, आणि ज्याच्या हातात ते आहे त्याला आपण फार तर 'बोरिंगवाला' म्हणतो.

खरी मेहनत त्यानंतर. मार्क टू पंपात दोन रुपड्यांचा वॉशर बदलायचा असला तरी सगळी पाइपलाइन वर काढावी लागते. तीस मीटरवर सिलिंडर असेल तर दहा पाइप, दहा रॉड आणि आत अडकलेलं पाणी मिळून दीडशे किलोच्या आसपास वजन लोंबत असतं. पाइप उचलणाऱ्या दोन दांड्या, घसरू न देणारा क्लॅम्प, दोन मोठे पाने आणि चार-पाच माणसं. एक पाइप वर आला की क्लॅम्प आवळायचा, आटा सोडायचा, रॉडचा नट सोडायचा, पाइप बाजूला ठेवायचा, पुन्हा उचलायचं. क्लॅम्प सुटला तर उरलेली सगळी लाइन बोअरमध्ये जाते, आणि मग हुकानं मासेमारी करत दिवस जातो. कधी ती निघतच नाही आणि चांगला बोअर कायमचा मुका होतो. चैत्राच्या उन्हात, गरम लोखंडावर, भोवती रिकाम्या घागरी मांडून उभ्या असलेल्या बायांच्या नजरेसमोर हे काम चालतं.

यातूनच पुढे मार्क थ्री निघाला. 1980च्या दशकात कोईमतूरजवळच्या गावांत अनेक वर्षं चाचण्या झाल्या आणि पाइप इतका रुंद केला गेला की दट्ट्या आणि खालचा व्हॉल्व्ह पाइपमधूनच वर ओढता यावा. लाइन जागेवर राहते, वॉशर बदलून होतो. अर्थात रुंद पाइप जड आणि महाग, त्यामुळे फार खोल बोअरला तो सोयीचा नाही. पुढे उत्तर प्रदेशातल्या बांदा भागात महिला समाख्या कार्यक्रमातून दलित आणि आदिवासी स्त्रियांनी हातपंप दुरुस्तीचं काम शिकून घेतलं आणि पाने घेऊन गावोगाव फिरल्या. जी हापशी बंद पडल्याचा भार बाईच्या डोक्यावर येतो, ती उघडण्याचा पाना तिच्या हाती देणं यात मला मोठं शहाणपण दिसतं. आपल्याकडे ते व्हायला हवं तितकं झालेलं नाही.

तांड्याच्या दृष्टीनं या यंत्राचं मोल आणखी वेगळं आहे. तांडा गावाच्या शिवेवर, माळावर, उतारावर वसलेला. एकेकाळी बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ वाहून नेत मुलूखभर फिरणारा बंजारा समाज इंग्रजी अमलात रेल्वे आणि सडका आल्यावर जिथे थांबला, तिथे वसला. गावची विहीर गावाची असे. तिच्यावर कोण कधी चढणार हे गाव ठरवी. बोअरला गावाच्या मधोमध असण्याची गरज नाही. भूजल खात्याच्या माणसानं जागा दाखवली आणि यंत्राची गाडी पोचण्याइतकी वाट असली, की तो तांड्याच्या दारात पडतो. स्वतःच्या दारातलं, कुणाला न विचारता घेता येणारं पाणी या वस्त्यांना पहिल्यांदा बहुधा हापशीनं दिलं. त्यामुळे तांड्यातली हापशी बंद पडते तेव्हा बायांना नुसतं अंतर चालावं लागत नाही, पुन्हा कुणाच्या तरी विहिरीवर, कुणाच्या तरी परवानगीनं उभं राहावं लागतं.

दुरुस्तीची व्यवस्था कागदावर चांगली आहे. जिल्हा परिषदेकडे यांत्रिकी पथक, वाहन, सुटे भाग. ग्रामपंचायतीनं दर हापशीमागे वर्गणी भरायची आणि बिघाड कळवायचा. तमिळनाडूत 1970च्या दशकात त्रिस्तरीय रचना आखली गेली होती. गावात ग्रीस लावणारा आणि नट आवळणारा एक राखणदार, तालुक्याला मिस्त्री, जिल्ह्याला फिरतं पथक. यातला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी माणूस गावातला राखणदार, आणि दुर्लक्षही त्याच्याकडेच सर्वांत जास्त झालं. सैल नट वेळेवर आवळला तर बेअरिंग टिकतं. साखळीला ग्रीस मिळालं तर ती लवकर झिजत नाही. याला पैसे लागत नाहीत, रोज तिकडे पाहणारा डोळा लागतो.

2019 च्या पंधरा ऑगस्टला जलजीवन मिशन जाहीर झालं आणि घरोघर नळ, माणशी रोज पंचावन्न लिटर हे ध्येय ठरलं. नळ यावाच. पाणी वाहणाऱ्या बाईला नळ नको असं कोण म्हणेल? पण नळाच्या मागे पुन्हा बोअर आणि त्यात सोडलेली सबमर्सिबल मोटर असते. दुरुस्तीचं ओझं कमी झालेलं नाही, जागा बदलली आहे. व्होल्टेज पडलं की मोटर जास्त करंट ओढते, तापते, वाइंडिंग जळतं. थ्री फेजमधली एक फेज गेली आणि स्टार्टरनं वेळेत तोडलं नाही तरी तेच. पाणी उतरल्यावर मोटर कोरडी चालली तर बुश आणि इम्पेलर जातात. मग पाइप, केबल, दोरीसकट मोटर वर काढायची आणि तालुक्याच्या दुकानात भरायला टाकायची. वायंडर जुनी जळकी तार काढतो, प्लॅस्टिकचं कवच असलेली नवी तार एकेक वेढा मोजून खाचांत भरतो, पाण्यात बुडवून इन्सुलेशन तपासतो. हे कौशल्य मिस्त्रीच्या कौशल्याइतकंच आदराचं आहे. मात्र मोटर दुकानात असेपर्यंत नळ कोरडा राहतो, आणि त्या दिवसांत गाव हापशीकडेच वळतं, तिच्याकडे वर्षभर कुणी पाहिलेलं नसलं तरी.

म्हणून भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेची दुहेरी पंपाची कल्पना मला फार मोलाची वाटते. एकाच बोअरमध्ये सबमर्सिबल आणि हातपंप दोन्ही. वरच्या टाकीत सौर पॅनेलच्या विजेनं पाणी चढतं, वस्तीत नळानं फिरतं. ढग आले, मोटर बिघडली, तर त्याच ओट्यावर दांडा हापसायचा. मोठ्या योजनेची जलवाहिनी जिथे पोचत नाही अशा छोट्या वस्त्यांसाठी ही नीट बसणारी गोष्ट आहे. अट एवढीच की दोन्ही यंत्रं जाणणारा माणूस जवळपास हवा.

पोहरादेवी आणि तिच्या आसपासच्या तांड्यांपुरतं बोलायचं तर एक काम फाल्गुनातच करता येईल. यात्रेच्या महिनाभर आधी प्रत्येक हापशीवर पंधरा लिटरची बादली ठेवायची आणि हापसे मोजायचे. चाळीसच्या आसपास भरली तर फक्त नट आवळायचे, साखळीला ग्रीस द्यायचं. साठ लागले तर वॉशर मागवून लाइन काढायची, तेव्हाच, माणसं मोकळी असताना. ऐंशी लागले तर पाइपही तपासायचे आणि खराब आट्यांचे बदलायचे. आकडा आणि तारीख ओट्यावर ऑइल पेंटनं लिहून ठेवायची, म्हणजे पुढच्या वर्षीच्या मिस्त्रीला कळेल. ओट्याची भेग सिमेंटनं बुजवायची, सांडपाण्याची नाली शोषखड्ड्यापर्यंत मोकळी करायची. एका पंपाला दोन वॉशर, एक बेअरिंगची जोडी, एक साखळी, दोन रॉड आणि दोन पाइप एवढं सामान ग्रामपंचायतीच्या खोलीत आधीच आणून ठेवलं, तर रामनवमीच्या आदल्या दिवशी दांडा हलका पडला तरी संध्याकाळपर्यंत पाणी चालू होईल.