बीकन हिलच्या उत्तर उतारावर

जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ छापलं आणि ते अर्पण केलं गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या सज्जनांना. हे आपल्याला शाळेपासून ठाऊक असतं. पण ही माणसं राहत कुठे होती, त्यांची घरं आज उभी आहेत का, हे विचारायचं राहून जातं. त्यांतली बरीच घरं उभी आहेत. मुलाबाळांकडे बोस्टनला जाणाऱ्या मराठी मंडळींची हार्वर्ड आणि फ्रीडम ट्रेल सहसा चुकत नाही. त्याच शहरात, मॅसॅच्युसेट्सच्या विधानभवनाच्या सोनेरी घुमटामागे, जेमतेम अडीच किलोमीटरची ‘ब्लॅक हेरिटेज ट्रेल’ आहे. तिच्यासाठी एक अख्खी सकाळ राखून ठेवावी, असं मी आग्रहानं सांगेन.

बीकन हिल ही टेकडी. दक्षिण उतारावर धनिकांची घरं, उत्तर उतारावर कृष्णवर्णीयांची वस्ती. मॅसॅच्युसेट्सनं १६४१ मध्ये गुलामगिरीला कायद्याची मान्यता दिली होती. १७८३ च्या सुमारास न्यायालयांनी ती मोडीत काढली. त्यामुळे एकोणिसाव्या शतकात इथले कृष्णवर्णीय कायद्यानं स्वतंत्र होते. न्हावी, खलाशी, वाढपी, जुने कपडे विकणारे अशी ही कष्टकरी माणसं. गुलामगिरीविरोधी चळवळ म्हटली की आपल्यासमोर गोरे वक्ते आणि संपादक येतात. ती चळवळ ज्यांच्या स्वयंपाकघरांत आणि तळघरांत चालली, ते या उतारावरचे लोक होते.

स्मिथ कोर्ट या बोळात आफ्रिकन मीटिंग हाऊस आहे. १८०६ मध्ये प्रामुख्यानं कृष्णवर्णीय कारागिरांनी बांधलेलं हे विटांचं प्रार्थनाघर. उद्‌घाटनाच्या दिवशी खालची बाकं गोऱ्या हितचिंतकांसाठी राखली होती आणि ज्यांचं हे देऊळ, ते वर सज्जात बसले होते. १८३२ च्या जानेवारीत, बर्फ पडत असताना, गोरे संपादक विल्यम लॉइड गॅरिसन यांनी इथेच न्यू इंग्लंड अँटी-स्लेव्हरी सोसायटी स्थापन केली. पुढे वस्ती पांगली, इमारत ज्यूंचं प्रार्थनास्थळ झाली. १९७२ मध्ये ती कृष्णवर्णीयांच्या इतिहासाच्या संग्रहालयानं विकत घेतली आणि जपून दुरुस्त करून २०११ मध्ये पुन्हा खुली केली. फुल्यांनी मुलींची शाळा काढली तो पुण्याचा भिडेवाडा आपण वर्षानुवर्षं मोडकळीला येऊ दिला आणि स्मारकासाठी म्हणून डिसेंबर २०२३ मध्ये तो पाडला. मीटिंग हाऊसच्या बाकावर बसलं की ते आठवतं आणि जिव्हारी लागतं.

याच इमारतीच्या तळघरात कृष्णवर्णीय मुलांची शाळा भरे. १८२९ मध्ये तिथल्या विल्यम कूपर नेल या हुशार मुलाला शहराचं फ्रँकलिन पदक मिळायला हवं होतं. गोऱ्या मुलांना पदकं आणि मेजवानी मिळाली. नेलला फ्रँकलिनचं चरित्र घेण्यासाठी चिठ्ठी देऊन वाटेला लावलं. त्या मेजवानीत तो वाढपी होऊन शिरला आणि आपल्याबरोबरीच्या मुलांचा सत्कार पाहत पानं वाढत राहिला. शाळांमधला हा भेद मोडायचा, हे त्यानं तेव्हाच मनाशी ठरवलं. पुढे तो याच बोळात राहायला होता. तो लाकडी वाडा आजही दिसतो.

शेजारीच कृष्णवर्णीय मुलांसाठीची, १८३५ ची एबिएल स्मिथ शाळा. सारा रॉबर्ट्स या पाच वर्षांच्या मुलीला वाटेतल्या पाच गोऱ्या शाळा ओलांडून तिथे जावं लागे. तिच्या वडिलांनी १८४८ मध्ये शहरावर दावा लावला. त्याच वर्षी पुण्यात फुले दांपत्यानं मुलींची शाळा काढली. रॉबर्ट मॉरिस या कृष्णवर्णीय वकिलानं आणि गोरे वकील चार्ल्स समनर यांनी साराची बाजू मांडली, तरी १८५० मध्ये निकाल विरोधात गेला. नेल आणि पालकांनी हाय खाल्ली नाही. अर्ज, सभा, शाळेवर बहिष्कार असं सगळं लावून धरलं आणि १८५५ मध्ये राज्याच्या कायद्यानं हा भेद बंद झाला.

फिलिप्स स्ट्रीटवरचं ६६ क्रमांकाचं घर खासगी आहे, म्हणून ते बाहेरूनच पाहायचं. केंटकीतून पळून आलेले लुईस आणि हॅरिएट हेडन इथे राहत. लुईसचं कपड्यांचं दुकान होतं. १८५० च्या कायद्यानं पळालेल्या गुलामाला उत्तरेतूनही पकडून नेण्याची मुभा मिळाली, तेव्हा एलन आणि विल्यम क्राफ्ट हे जोडपं या घरात लपलं. गोऱ्या दिसणाऱ्या एलननं दोन वर्षांपूर्वी आजारी मळेवाल्याचा वेश घेतला होता. नवरा झाला होता तिचा नोकर. सही करावी लागू नये म्हणून तिनं उजवा हात झोळीत बांधला आणि जॉर्जियापासून फिलाडेल्फियापर्यंत आगगाडी-आगबोटीनं उघड प्रवास केला. पकडणारे बोस्टनला आले, तर घर उडवून देण्यासाठी हेडननं दारूगोळ्याची पिंपं तयार ठेवल्याचं सांगतात. क्राफ्ट दांपत्य सुखरूप इंग्लंडला पोचलं. हाच हेडन १८७३ मध्ये राज्याच्या विधिमंडळावर निवडून आला. १८९३ मध्ये हॅरिएट गेली, ती आपली मालमत्ता हार्वर्डच्या वैद्यकीय शाळेत कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीसाठी ठेवून.

उन्हाळ्यात राष्ट्रीय उद्यान सेवेचे रेंजर ही वाट विनामूल्य दाखवतात. तिची सुरुवात विधानभवनासमोरच्या, कृष्णवर्णीय शिपायांच्या ५४ व्या मॅसॅच्युसेट्स पलटणीच्या स्मारकापासून होते. एकटे जाणार असाल तर उलटं चाला, मीटिंग हाऊसपासून स्मारकाकडे. कारण यादवी युद्धात, १८६३ मध्ये, या पलटणीसाठी भरती झाली ती मीटिंग हाऊसमध्येच. गोऱ्या शिपायाला महिना तेरा डॉलर, यांना दहा, त्यातूनही तीन कपड्यांचे कापून. म्हणून लढत असूनही यांनी जवळजवळ दीड वर्ष पगारच घेतला नाही. ऑगस्टस सेंट-गॉडन्स यांच्या या ब्राँझशिल्पात प्रत्येक शिपायाचा चेहरा वेगळा आहे. १८९७ मध्ये अनावरण झालं तेव्हा नावं होती ती गोऱ्या अधिकाऱ्यांचीच. फोर्ट वॅग्नरच्या लढाईत पडलेल्या कृष्णवर्णीय शिपायांची नावं कोरायला १९८२ उजाडलं. ती मागच्या बाजूला आहेत. पायऱ्या उतरून तिकडे जावं आणि एकेक वाचावं.