भावनगर ते वेरावळ : एकच दर्या, पण किनारा किती तऱ्हेचा!

सौराष्ट्रच्या दौऱ्यावरून आम्ही बारा जण परवा परतलो. फोटो टाकलेत, पण सगळं फोटोत येत नाही, म्हणून हे लिहितो.

भावनगरला पोचलो तेव्हा ओहोटी होती. दर्या दिसेचना! नुसता चिखल, आणि त्यात कुशीवर कललेल्या होड्या. आमच्यातल्या तांडेलकाकांना वाटलं बंदर बंदच पडलंय. खंभातचं आखात आत निमुळतं होत जातं, म्हणून भरतीचं पाणी कोंडून वर चढतं. उधाणाला फरक दहा मीटरच्या आसपास. आपल्याकडे दोन मीटर म्हणजे भरपूर! जहाजं तरंगती राहावीत म्हणून तिथं बंदराला चक्क दरवाजा आहे, तो लावून पाणी आत धरतात. पुढे अलंगला १९८३ पासून जहाजं तोडतात, तीही ह्याच भरतीच्या जोरावर किनाऱ्यावर चढवतात.

जाफराबादला बोंबील. डोल जाळं एका जागी रोवलेलं, पाण्याची ओढ मासा आत आणून घालते. ओढत फिरायला डिझेल नको. किनाऱ्यावर बांबूंना दोऱ्या बांधून वाळत घातलेले बोंबील, वास लांबवर येतो. बायकांनी आपल्या बायकांना वाळवणाची पद्धत नीट दाखवली.

मग दीव. चिखल संपला, खडक लागला. १९८७ पर्यंत गोवा, दमण, दीव एकच प्रदेश होता, त्यामुळे जुनी घरं बघून आपल्याच गावात आल्यासारखं वाटलं.

वेरावळला बोटी इतक्या खेटून की ह्या बोटीवरून त्या बोटीवर चालत जावं. तिथं एका तांडेलने व्हेल शार्कची गोष्ट सांगितली. पूर्वी गळाला पिंपं बांधून तिची शिकार व्हायची, म्हणून नावच 'बॅरल'. तिच्या यकृताचं तेल लाकडी होड्यांना लावत. २००१ मध्ये कायद्याने शिकार बंद झाली. पण नुसत्या कायद्याने कोण ऐकतो? मोरारी बापूंनी समजावलं, ही बाळंतपणाला माहेरी आलेली लेक आहे. आता तिला 'व्हाली' म्हणतात आणि जाळ्यात आली तर जाळं कापून सोडतात.

तांडेलकाकांनी लगेच विचारलं, "भाई, जाळं कापायचं, मग कर्ज कोण फेडणार?" तो म्हणाला, सोडताना फोटो काढतो, वनखातं जाळ्याची भरपाई देतं. काका गप्प झाले, पण पटलं की नाही सांगता येत नाही. जाळ्याला काय पैसे पडतात ते आम्हालाही ठाऊक आहे.

आपल्या माणसाने जाळं कापलं तर त्याला काय मिळेल, हे खात्याला लेखी विचारायचा ठराव रविवारच्या बैठकीत मांडतोय. ज्यांच्या जाळ्यात असा मासा आला असेल त्यांनी जरूर यावं. काकाही येणार आहेत.