हृद्-प्रतिमादर्शन : खर्च व उपयुक्तता

हृदयाची रचना, झडपांचे कार्य, स्नायूंचे आकुंचन आणि हृद्‌रोहिण्यांतील (हृदयाच्या स्नायूंना रक्त पुरविणाऱ्या वाहिन्यांतील) प्रवाह प्रतिमारूपाने दाखविणाऱ्या परीक्षांना हृद्-प्रतिमादर्शन म्हणतात. परीक्षेच्या निष्कर्षाने उपचारांत बदल संभवत असेल, तरच तिच्यावरील खर्च सार्थ ठरतो.

प्रकार : श्राव्यातीत तरंगांवर आधारलेली प्रतिध्वनी परीक्षा (इको) इंगे एडलर व कार्ल हेल्मुट हर्ट्‌झ यांनी स्वीडनमध्ये १९५३ साली सुरू केली. तीत क्ष-किरण वापरीत नाहीत व यंत्र रुग्णाच्या खाटेपाशी नेता येते. झडपांचे विकार व हृदयविफलता यांत ती विशेष उपयुक्त असते. मात्र हृद्‌रोहिणीतील अडथळा तिने प्रत्यक्ष दिसत नाही. त्यासाठी सीटी अँजिओग्राफी किंवा रोहिणीतून नलिका घालून केलेली अँजिओग्राफी लागते. या दोन्ही अधिक खर्चाच्या असून त्यांत क्ष-किरणांचा व रंजकद्रव्याचा धोका अल्प प्रमाणात असतो.

मूल्यमापन : एखादी परीक्षा १०० रोग्यांपैकी ९० जणांत रोग ओळखते व १०० निरोग्यांपैकी २० जणांना चुकीने रोगी ठरविते, असे मानू. १,००० व्यक्तींपैकी ५० रोगी असल्यास २३५ निष्कर्ष होकारात्मक येतील. त्यांतील केवळ ४५ खरे असतील. रोगी ५०० असल्यास ५५० पैकी ४५० खरे ठरतील. म्हणून लक्षणे, वय, धूम्रपान, मधुमेह व रक्तदाब यांवरून रोगाची शक्यता आधी अजमावतात. स्कॉटलंडमधील एका पाहणीत (२०१८) छातीत दुखणाऱ्या रुग्णांच्या नेहमीच्या तपासणीला सीटी अँजिओग्राफीची जोड दिल्यावर पाच वर्षांतील हृद्‌रोहिणीविकाराने होणारे मृत्यू व हृदयविकाराचे झटके यांचे एकत्रित प्रमाण ३·९ टक्क्यांवरून २·३ टक्के झाले. प्रतिबंधक औषधे अधिक जणांना सुरू झाली, हे त्याचे एक कारण मानतात.

मावळातील स्थिती : लोणावळा ते पुणे हे लोहमार्गाने सु. ६४ किमी. अंतर आहे, आंदर, नाणे व पवन मावळांतील खेड्यांतून प्रथम रेल्वे स्थानक गाठावे लागते. परीक्षेच्या शुल्काखेरीज वाहनभाडे आणि रुग्ण व सोबती यांची बुडालेली मजुरी हाही खर्चच होय. भातलावणीच्या दिवसांत तो अधिक जाणवतो. निष्कर्ष चुकीने होकारात्मक आल्यास दुसऱ्या परीक्षेसाठी पुन्हा हीच खेप पडते.

याउलट, संधिवाती ज्वरानंतर झडप अरुंद झालेल्या गर्भवतीस धाप लागत असता खर्चाच्या भीतीने इको टाळणे प्राणघातक ठरू शकते. तीव्र झटक्यात मात्र प्रतिमेची वाट पाहू नये. अल्पखर्चाच्या विद्युत् हृल्लेखावरून (ईसीजी) निदान करून गुठळी विरघळविणारे औषध योग्य रुग्णास वेळीच देता येते. अशा प्रसंगी पैशापेक्षा वेळेचे मोल अधिक असते.