तांबडी नदी आणि ताम्रपट

छत्रपती संभाजीनगर सोडून जालन्याच्या वाटेला लागले आणि चिकलठाणा मागे पडले, की शेंद्र्याचे शिवार सुरू होते. आणि एके काळी जेथे ज्वारी-बाजरीची ताटे वाऱ्यावर डोलत, तेथे आता कारखान्यांच्या भिंती, उंच टाक्या आणि नवकोऱ्या मोटारी पाठीवर बांधून निघालेले, वळताना अर्धा रस्ता अडविणारे लांबलचक ट्रेलर दृष्टीस पडतात. २००१ च्या सुमारास स्कोडाचा कारखाना येथे आला. पुढे दिल्ली-मुंबई औद्योगिक पट्ट्यातील ‘ऑरिक’ नावाची नगरी याच मातीवर आखली गेली आणि सप्टेंबर २०१९ मध्ये तिच्या मुख्य वास्तूचे उद्घाटनही झाले. तथापि गावाचे शेंद्रा कमंगर हे जुने नाव टिकून आहे, आणि चैत्रात मांगीरबाबाच्या जत्रेस नवसाचे बोकड हाकत माणसे येऊ लागली, की कोट्यवधींच्या मालालाही क्षणभर खोळंबून वाट द्यावी लागते. ‘कमंगर’ हा शब्द कानी पडला की मला फारसीतला कमानगर, म्हणजे धनुष्ये घडविणारा कारागीर, आठवतो. फौजांच्या वाटेवरील गावांना असे लष्करी शब्द चिकटून राहतात, हे आपले माझे अनुमान.

अशाच एका खोळंब्यात, पुढे शंभर-दीडशे शेळ्या आणि मागे ट्रेलरांची रांग अशा अवस्थेत बसलो असता, हॉवर्ड हॉक्स या अमेरिकी दिग्दर्शकाचा ‘रेड रिव्हर’ हा चित्रपट मनात उभा राहिला. १९४६ साली चित्रित झालेला आणि १९४८ मध्ये पडद्यावर आलेला हा कृष्णधवल चित्रपट घोडेस्वारांच्या गोळीबारपटांत गणला जात असला, तरी त्याचा खरा विषय आहे गुरे. १८५१ साली टॉमस डन्सन नावाचा एक हट्टी पुरुष गाड्यांचा काफला सोडून टेक्सासकडे वळतो. मागे राहिलेली त्याची प्रिया त्याच रात्री कोमांची लोकांच्या हल्ल्यात मारली जाते. आणि त्या हत्याकांडातून वाचलेला मॅथ्यू गार्थ नावाचा एक पोरका मुलगा गाय ओढीत त्याच्यासमोर येतो. डन्सनजवळ एक वळू, पोराजवळ एक गाय. या दोन जनावरांपासून चौदा वर्षांत जी खिल्लारे वाढतात, ती यादवी युद्धानंतरच्या दक्षिणेत कोणी घेईना, म्हणून सुमारे नऊ-दहा हजार गुरे मिझुरीच्या बाजारापर्यंत हाकत नेण्याचा घाट घातला जातो. जॉन वेनचा डन्सन आणि माँटगोमेरी क्लिफ्टचा मॅथ्यू यांच्यामध्ये, दात नसलेल्या स्वयंपाक्याच्या भूमिकेत, वॉल्टर ब्रेनन बसला आहे. आणि माझ्या मते चित्रपटाची सदसद्विवेकबुद्धी जर कोठे वसत असेल, तर ती या म्हाताऱ्याच्या कुरकुरीत.

निघण्याच्या पहाटेचे दृश्य विसरता येत नाही. कॅमेरा धुक्यातल्या त्या अफाट कळपावरून सावकाश फिरत जातो, कोणी काही बोलत नाही, आणि मग एकेका गुराख्याचा चेहरा जवळून दिसतो व एकेक आरोळी उठते. वाटेत एका रात्री बंक नावाचा गोडघाशा गडी साखर चोरायला जातो, भांडी कोसळतात, त्या खणखणाटाने गुरे उधळतात, आणि बायकोसाठी तांबडे जोडे घेऊन जाण्याचे स्वप्न पाहणारा एक तरुण त्यांच्या पायदळी सापडून मरतो. डन्सन चोराला चाबकाने फोडू पाहतो. पुढे पळून गेलेल्यांना फाशी देण्याची भाषा करतो. आणि तेथे मॅथ्यू, ज्याला त्याने पोटच्या पोरासारखे वाढविले, त्याच्याविरुद्ध उभा राहून सारा कळप हिसकावून घेतो व रेल्वे आल्याची वदंता असलेल्या कॅन्सासमधील अ‍ॅबिलीन गावाकडे वळवितो. मागे जखमी राहिलेला बाप सूड घेण्याची शपथ वाहतो. शेवटी अ‍ॅबिलीनमध्ये तो येतो, पोर पिस्तूल काढीत नाही, दोघांत गुद्दागुद्दी होते आणि एका तरुणीच्या संतापाने ती थांबते. हा समारोप फारच सोईस्कर आहे असे पुष्कळांना वाटत आले आहे, ज्याच्या कथेवर चित्रपट बेतला त्या बॉर्डन चेसलाही तो रुचला नव्हता, आणि मीही त्यांच्याच पंक्तीला बसतो.

परंतु त्या समारोपात एक बारकावा आहे, आणि या लेखाचे प्रयोजन तोच आहे. डन्सनने गुरांना द्यावयाचा डाग ठरविला तेव्हा त्यात नदीच्या दोन वाकड्या रेघा आणि आपल्या आडनावाचे आद्याक्षर एवढेच घेतले. पोराने विचारले तेव्हा, तुझे अक्षर तू कमावशील त्या दिवशी, असे सुनावले. आणि अखेरीस धुळीत बोटाने तेच चिन्ह पुन्हा रेखाटताना त्यात मॅथ्यूचे अक्षर घातले. त्याच डन्सनने ही जमीन घेतली कशी, तर स्पेनच्या राजाच्या सनदेने ती आपल्या धन्याची आहे असे सांगायला आलेल्या माणसाला गोळी घालून! तापल्या लोखंडाचा डाग हा त्याचा कायदा, आणि राजाच्या दफ्तरातील कागद म्हणजे त्याच्या लेखी केवळ वारा.

आता आपल्याकडे वळू. एवढी गुरे एकत्र हाकण्याचे नवल युरोपीय प्रवाशांनी हिंदुस्थानात केव्हाच अनुभवले होते. १६३२ साली उत्तर हिंदुस्थानातून जाणाऱ्या पीटर मंडी या इंग्रजाला एके सकाळी धान्याने लादलेल्या चौदा हजार बैलांचा तांडा भेटला. म्हणजे हॉक्सने पडद्यावर कल्पिलेल्या अजस्र कळपाहून मोठा समुदाय बायकापोरांसह मार्गावर चालला होता आणि त्याचे कोणाला अप्रूप नव्हते. मंडीने नोंदविले आहे की बैल तांडा हाकणाऱ्या बंजाऱ्यांच्या स्वतःच्या मालकीचे असतात, कुटुंबे बरोबर असतात आणि दिवसाची मजल फार तर सहा-सात मैलांची असते. ही मंदगती हाच या व्यापाराचा पाया होता. बैल चरत चरत चाले, वाटेवरचे गवत फुकट, पाणी फुकट; म्हणून धान्य-मिठासारखा जड आणि स्वस्त माल शेकडो कोस नेणे परवडे. बंजाऱ्यांच्या गोरबोलीत या व्यवसायाला ‘लदेणी’ म्हणतात. टेक्सासच्या वाटेवर जनावर हाच माल होता आणि प्रवासाच्या अखेरीस त्याच्या वाट्याला खाटिकखाना येत असे. लदेणीत जनावर हे गाडी, घर आणि भांडवल या तिन्हींच्या ठिकाणी होते, आणि खेप संपली की ते तेथूनच दुसरी गोणी पाठीवर घेऊन परत फिरे.

यामुळे वाटेवरचा अधिकारही निराळ्या ठिकाणी वसत असे. तांड्याचा नायक मोठा खरा, परंतु रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ साली मध्य प्रांतातील जातीजमातींविषयी प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात हातडिया नावाच्या बैलाचे वर्णन आहे: बालाजीला वाहिलेला, अंगावर तांबड्या रेशमाचे गोंडे, पितळी घंटा आणि कवड्या ल्यालेला हा बैल कधीही ओझे वाहत नसे, कळपाच्या अग्रभागी चाले आणि संध्याकाळी तो जेथे बसेल तेथे तांड्याचा मुक्काम पडे. डन्सनच्या गड्यांपाशी असा एखादा हातडिया असता, तर ‘आज आणखी दहा मैल’ या हुकमावरून जी बंडाळी माजली ती बहुधा टळली असती. देवाच्या बैलाशी कोण वाद घालणार?

म्हणून तांडे भांडत नसत असे मात्र कोणी समजू नये. औरंगाबादेवरून गोवळकोंड्याकडे गेलेला फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निये लिहितो की दहा-बारा हजार बैलांचा तांडा अरुंद रस्त्यात समोर आला, तर दोन-तीन दिवस थांबण्यावाचून गत्यंतर नसे. आणि तांदूळ वाहणारे व इतर धान्य वाहणारे असे दोन तांडे समोरासमोर आले, तर ‘आधी वाट कोणाला’ या एवढ्याशा प्रश्नावर रक्तपात होई. अखेर बादशहाने दोन्हीकडच्या प्रमुखांना बोलावून सलोख्याचा उपदेश केला आणि प्रत्येकास एक लाख रुपये व मोत्यांचा कंठा दिला. न्यायाची ही तऱ्हा मला मोठी मार्मिक वाटते. मानासाठी भांडणाऱ्यांना बादशहाने दंड केला नाही, दोघांना सारखा मान देऊन टाकला.

दख्खनमध्ये मात्र एका सरदाराला हे शहाणपण सुचले नाही. शहाजहानचा वजीर आसफखान १६३० च्या सुमारास दक्षिणेत उतरला तेव्हा, परंपरा सांगते त्याप्रमाणे, राठोड कुळातील भंगी आणि झंगी हे नायक एक लाख ऐंशी हजार बैल घेऊन, आणि वडतिया कुळातील भगवानदास बावन्न हजार बैल घेऊन, त्याच्या फौजेस रसद पुरवीत होते. तो काळ दख्खन आणि गुजरात उजाड करणाऱ्या भयंकर दुष्काळाचा. १६३१ मध्ये विजापूरचा वेढा आसफखानाला उठवावा लागला तो अन्नाच्या तुटवड्यामुळेच. अशा काळी बैलवाल्याची किंमत तोफखान्याहून अधिक. म्हणून भंगी-झंगींना सोन्याच्या अक्षरांनी मढविलेला एक ताम्रपट मिळाला, त्याचा आशय असा: अन्यत्र पाणी न मिळाले तर माझ्या लोकांच्या रांजणांतून घ्या, गवत न मिळाले तर त्यांच्या छपरांवरून काढा, दिवसाला तीन खूनही तुम्हांला माफ, अट इतकीच की माझे घोडदळ जेथे असेल तेथे तुमचे बैल असले पाहिजेत. तीन खुनांच्या माफीने हा ताम्रपट प्रसिद्धी पावला, परंतु त्याचा गाभा पहिल्या दोन कलमांत आहे. पाणी आणि चारा यांवर लाखो बैलांची वाहतूक उभी होती, आणि ती दोन्ही गावकऱ्यांची असल्यामुळे त्यांवरील वहिवाटीला सत्तेचा शिक्का लागे.

भगवानदासाला असा पट मिळाला नाही. बावन्न हजार बैल घेऊन तोही त्याच उन्हात, त्याच धुळीत चालला होता. पण सनद एकाच्या पदरी पडली. मोहीम संपल्यावर या एका उणिवेवरून राठोड आणि वडतिया यांच्यात वैर पेटले, त्यात भंगी आणि भगवानदास हे दोघेही मारले गेले, आणि भंगीच्या वंशजांना निजामाकडून वर्षास मिळणारे मानाचे निशाण, म्हणजे कापडाची आठ ठाणे, वडतियांनी हिसकावून नेले. वऱ्हाडातील पोलीस अधिकारी कंबरलेज याने १८६९ मध्ये हा वृत्तान्त लिहिला त्या वेळी ताम्रपट हिंगोलीजवळील मुसी येथे भंगीच्या वंशजाकडे होता, बंजाऱ्यांचा प्रमुख नायक म्हणून हैदराबादच्या दरबारात त्याची मान्यता होती व वारस गादीवर येताच त्यास खिलत मिळत असे. आणि निशाण होते मद्रास इलाख्यात, मछलीबंदरजवळ, भगवानदासाच्या वंशातील हट्टी नावाच्या नायकाकडे. एका मानाचे दोन तुकडे दख्खनच्या दोन टोकांना जाऊन पडले होते, आणि सुमारे अडीचशे वर्षे दोन्ही घराण्यांनी आपापला तुकडा जपून ठेवला होता.

डन्सनचे वैर एका मोसमात मिटले, हे अडीच शतके का टिकले? मला असे वाटते की बाप आणि मानसपुत्र यांचा तंटा मालकीचा होता, आणि मालकीत वाटेकरी घेता येतो; धुळीत आणखी एक अक्षर काढले की काम भागते. बैल तर भगवानदासाचेही त्याचेच होते, त्यांत त्याला कोणाचा वाटा नको होता. त्याला हवी होती वरून येणारी ओळख, आणि ती देणे भंगीच्या हाती नव्हतेच. म्हणून भंगीने उदार होऊनही काही साधले नसते. ज्याने द्यावयाचे तो आसफखान तोवर निघून गेला होता.

पुढे राज्ये बदलली तरी बैल हवेच होते. १८०३ च्या ऑगस्टात अहमदनगरचा किल्ला घेऊन औरंगाबादेवर आलेला आणि सप्टेंबरच्या २३ तारखेस जाफराबादजवळ असईच्या रणात शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी भिडलेला आर्थर वेलस्ली, जो पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला, तोही धान्यासाठी बंजाऱ्यांच्या तोंडाकडे पाहत असे. मग १८६७ साल उजाडले. त्या वर्षी जोसेफ मकॉय या व्यापाऱ्याने अ‍ॅबिलीनच्या रेल्वेस्थानकापाशी कोंडवाडे बांधले आणि टेक्सासची सुमारे पस्तीस हजार गुरे तेथे येऊन पोहोचली. हॉक्सने कथेच्या सोयीसाठी ही घटना दोन वर्षे मागे ओढली आहे. आणि त्याच १८६७ मध्ये मुंबईहून निघालेला ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा रूळ वऱ्हाड ओलांडून नागपूरला भिडला. एका खंडात आगगाडीने गुराख्याला जन्म दिला आणि काटेरी तारेच्या साह्याने वीसएक वर्षांत त्याला संपविलेही. पण संपल्यावर त्याच्या वाट्याला कादंबऱ्या, गाणी आणि हॉलिवूड आले. दुसऱ्या खंडात आगगाडीने नायकाची गोणी उतरविली, आणि चारच वर्षांनी, १८७१ मध्ये, गुन्हेगार जमातींचा कायदा आला, ज्याच्या जाळ्यात पुढे ठिकठिकाणचे तांडे ओढले गेले. तो कायदा १९५२ साली उठला. ज्यांना एकदा तीन खून माफ होते त्यांना तोवर गाव सोडण्यासाठी चौकीवर हजेरी लावावी लागे.

शेंद्र्याजवळून जाणारा मनमाड-हैदराबाद लोहमार्ग १९०० च्या सुमारास पुरा झाला, आणि करमाडच्या स्थानकावर धान्याची पोती वाघिणींत चढू लागली. तांडे थांबले, शेतीला लागले, ऊसतोडीला जाऊ लागले. त्यांच्यातील एका पुत्राने, गहुलीच्या वसंतराव नाईकांनी, १९६३ पासून अकरा वर्षांहून अधिक काळ महाराष्ट्राचे मुख्यमंत्रिपद भूषविले. आडनावात नायक राहिला, हातडिया मात्र गेला.

शेळ्या पांगल्या, ट्रेलर हलले, मीही निघालो. जालन्याच्या बाजूला जाताना मनात येत होते ते सप्टेंबर २०२५ मधील मोर्चे. जालना-बीडच्या रस्त्यांवर त्या महिन्यात हजारोंनी उतरलेला बंजारा समाज अनुसूचित जमातीचा दर्जा मागत होता, आणि त्यासाठी दाखला देत होता निजामाच्या दफ्तरातील एका छापील नोंदीचा, हैदराबाद गॅझेटचा.